भरवशाचा पत्ता द्या : जालन्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, जालना
तथा अध्यक्ष, जिल्हास्तरीय बँक सल्लागार समिती

विषय : लहान व्यावसायिकाला जिल्ह्यात भरवशाचे कर्ज कुठे मिळेल, हे त्याला कळण्याची सोय करण्याबाबत



मी जालना शहरात लहान व्यावसायिकांचे हिशोब लिहितो. किराणा, वेल्डिंग, पापड-मसाला, टेम्पो, शिवणकाम, बियाण्यांची पॅकिंग अशी माझी गिऱ्हाईके. आम्हा हिशोबनिसांना लोक जीएसटीचेच विचारत असतील असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न वेगळा आहे : "पैसे कुणाकडून घ्यावेत?" व्याज किती, हे त्यानंतर येते. आधी विचारतात ते माणूस कसा आहे, संस्था कुणाची आहे, हप्ता चुकला तर दारात कोण येईल आणि ठेवलेले कागद परत मिळतील ना.

या प्रश्नाचे उत्तर आज चहाच्या टपरीवर मिळते, मेव्हण्याकडे मिळते, पिग्मी गोळा करणाऱ्या पोराकडे मिळते. ज्या कार्यालयांकडे ते अधिकृतपणे आहे, तिथे मात्र मिळत नाही. म्हणून हे पत्र. नवी योजना, जादा अनुदान किंवा व्याजमाफी मला मागायची नाही. जिल्ह्यात कर्ज देणारा कोण नोंदणीकृत आहे, कोणाचे लेखापरीक्षण काय सांगते, कोणत्या दराने पैसे देण्याची त्याला मुभा आहे, ही माहिती सरकारी फायलींत आधीच आहे. ती कर्ज घेणाऱ्याच्या हातात पडावी, एवढीच मागणी आहे.

"जालना सोने का पालना" ही म्हण आपण इथे रुजू झाल्यावर लगेच ऐकली असेल. ती अगदीच खोटी नाही. सळईचे कारखाने आहेत. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली, तेव्हापासून बियाण्यांच्या धंद्यात जालन्याचे नाव देशभर घेतले जाते. आपल्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. २०१८ पासून जालन्याच्या बाजार समितीत रेशीम कोषांची खरेदी होते. त्याआधी शेतकरी कोष घेऊन थेट कर्नाटकात रामनगरला जात. पण या मोठ्या नावांच्या सावलीत जे असंख्य लहान धंदे चालतात, त्यांची पैशाची गरज वेगळ्या जातीची आहे.

ती गरज यंत्राची कमी आणि खेळत्या भांडवलाची जास्त. अंबड-घनसावंगीकडे मोसंबीचा व्यापारी बाग उभी घेतो, तेव्हा इसार रोख मोजावा लागतो. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात मिरची घ्यायची तर पैसे त्याच दिवशी हवेत. रेशमाचा धागा काढणाऱ्याला कोषांच्या लिलावात उधारीवर उभे राहता येत नाही. बियाणे विक्रेत्याचे अख्खे वर्ष जूनच्या पहिल्या पावसाभोवती ठरते. कर्ज मंजूर झाले, पण हंगाम सरल्यावर खात्यात पडले, तर ते झाले काय आणि न झाले काय. आमच्या सरकारी योजना यंत्रावर भर देतात; यंत्र येते, आणि त्यात घालायला कच्चा माल घेण्यासाठी माणूस पुन्हा सावकाराच्या ओट्यावर बसतो. सावकार पैशाबरोबर वेळ विकतो, आणि महाग पडते ती हीच वेळ.

पतसंस्थांनी ही गरज बँकांच्या फार आधी ओळखली. संध्याकाळी पिग्मीवाला दुकानात येतो, शंभर-दोनशे रुपये घेतो, वहीवर सही करतो. वर्षभरात त्याला दुकानाचा गल्ला बँक व्यवस्थापकापेक्षा चांगला कळलेला असतो, म्हणून कर्जही लवकर मिळते. चांगल्या चालवलेल्या पतसंस्थांनी मराठवाड्यात अनेकांचे धंदे उभे केले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पिग्मी म्हणजे दुकानदाराची निव्वळ बचत नसते. ते त्याचे दिवाळीच्या मालाचे भांडवल असते. संस्था बुडाली की त्याची ठेव जाते, पुढच्या हंगामाचा मालही जातो आणि तातडीने कर्ज देणारी एकमेव खिडकीही बंद होते. तिन्ही गोष्टी एकाच दिवशी.

हे दूरचे सांगत नाही. शेजारच्या छत्रपती संभाजीनगरात आदर्श नागरी सहकारी पतसंस्थेतल्या गैरव्यवहाराच्या आरोपांवरून २०२३ मध्ये गुन्हे दाखल झाले आणि ठेवीदार रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी ऑक्टोबरात बीडच्या कुटे समूहावर आयकर विभागाचे छापे पडले, त्यानंतर त्याच समूहाशी जोडलेल्या ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या शाखांसमोर रांगा लागल्या आणि मग शाखाच बंद झाल्या. २०२४ मध्ये संस्थेच्या अध्यक्षांना अटक झाली. ठेवींचा पैसा कर्जाच्या नावाखाली समूहातल्या कंपन्यांकडे वळवला, असा सक्तवसुली संचालनालयाचा आरोप आहे. न्यायालय काय तो निकाल देईल. पण त्या रांगेत उभ्या असलेल्या किती जणांना ठाऊक होते, की बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण असते आणि पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसते? राज्यात नोंदलेल्या पतसंस्थेवर जिल्हा उपनिबंधकांची नजर असते, तर मल्टिस्टेटची, म्हणजे बहुराज्य सहकारी संस्थेची, सूत्रे दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकांकडे असतात, हे तरी किती जणांना कळले होते? दुकानदाराला दोन्हींच्या पाट्या सारख्याच दिसतात. पाटीवर "सहकारी" लिहिलेले असते, आत एसी असतो, उद्घाटनाला पुढारी आलेला असतो. आमच्याकडे पारख इथेच थांबते.

पतसंस्था बंद पडल्या की माणूस खाली घसरतो. मोंढ्यात, बसस्थानकाभोवती रोजाच्या हप्त्याचे कर्ज मिळते. दहा हजार मागायचे, हजार आधीच कापून नऊ हजार हातात घ्यायचे, आणि शंभर दिवस रोज शंभर रुपये द्यायचे. घेणाऱ्याला वाटते, हजार रुपयांत काम झाले, म्हणजे दहा टक्के. मी कागदावर मांडून दाखवतो तेव्हा तोंड उतरते. मुद्दल रोज कमी होत असते, त्यामुळे हा दर वर्षाला ७७ टक्क्यांच्या घरात जातो. काही फायनान्सवाल्यांची "फक्त १२ टक्के" ही जाहिरातही तशीच. एक लाखाचे कर्ज, दोन वर्षे, व्याज शेवटपर्यंत पूर्ण एक लाखावरच धरलेले, आणि हप्ता ५,१६७ रुपये. घटत्या मुद्दलावर हाच हिशोब केला तर दर साडेएकवीस टक्क्यांवर जातो. यात फसवणूक आहे असे कायद्याने म्हणता येईलच असे नाही. पण ज्याला गुणाकार येतो तो आणि ज्याला घाई आहे तो, यांच्यातला हा व्यवहार आहे.

सावकारीचा कायदा मात्र स्पष्ट आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार सावकाराला परवाना हवा, त्याचे क्षेत्र ठरलेले असते आणि दरही ठरवून दिलेला आहे. शेती सोडून इतर कर्जाला तारण असेल तर वर्षाला १५ टक्के आणि विनातारण असेल तर १८ टक्के. चक्रवाढ व्याजाला मनाई आहे. दामदुपटीचे जुने तत्त्वही या कायद्याने राखले आहे : मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करता येत नाही. सावकारीत बळकावलेली जमीन पंधरा वर्षांपर्यंत मागे जाऊन परत मिळवून देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना आहे. आणि बाजारात दर काय चालतो? शेकडा तीन, शेकडा पाच रुपये, दर महिना. म्हणजे वर्षाला ३६ आणि ६० टक्के. वर तारण म्हणून सरळ खरेदीखत करून घेतात. कर्जदार तक्रार करत नाही, कारण आपण ज्याच्याकडून घेतले तो परवानाधारक आहे की नाही, हेच त्याला माहीत नसते. परवानाधारक सावकारांची यादी उपनिबंधक कार्यालयात असते. तालुक्याच्या गावात, बाजाराच्या दिवशी, ती मी कुठे लावलेली पाहिली नाही.

आता बँका. कागदावर पाहिले तर लहान व्यावसायिकाची बाजू आज पूर्वीपेक्षा भक्कम आहे. २०१५ पासून मुद्रा योजना आहे. २०२४ मध्ये तिची मर्यादा 'तरुण' गटातले आधीचे कर्ज फेडलेल्यांसाठी २० लाखांपर्यंत गेली. सूक्ष्म आणि लघुउद्योगांच्या किमान १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच सांगितले. बँकेचा धोका उचलायला पतहमी निधी आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून सूक्ष्म व लघुउद्योगांच्या मुदत कर्जासोबतही एक साधे विवरणपत्र देणे बंधनकारक झाले. त्यात सगळे शुल्क धरून वर्षाचा खरा दर लिहावा लागतो. वर मांडलेला गुणाकार आता कर्ज देणाऱ्यानेच करून द्यायचा आहे. वैयक्तिक कर्जाच्या बाबतीत तर कर्ज फिटल्यावर तारणाचे मूळ कागद ३० दिवसांत परत करायचे, नाहीतर बँकेने दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची.

आणि शाखेत काय घडते? "सात-बारा आणा." "सरकारी नोकरीवाला जामीनदार आणा." "सिबिल बघू." "पुढच्या महिन्यात या." नकार तोंडी असतो, अर्जाची पोच मिळत नाही, म्हणून नकाराची कुठे नोंदही होत नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, मोसंबी प्रक्रियेसाठी सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना, अण्णासाहेब पाटील महामंडळाचा व्याज परतावा : या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. सरकार पात्रतेचे पत्र देते आणि पैसे बँकेने द्यायचे असतात. पत्र मिळाले म्हणजे कर्ज मिळाले, असे गावात समजतात. व्याज परतावा तर आधी हप्ता भरल्यावर मिळतो. पत्र लेखी आणि नकार तोंडी, या दोन्हींच्या मधल्या जागेत दलाल उभा असतो. "मुद्रा करून देतो, दहा टक्के द्या." आणि उद्यम नोंदणी, जी पूर्ण मोफत आहे, तिचेही तो पैसे घेतो.

बँकांची बाजूही मी रोज पाहतो. अनुदान उचलून शटर पाडणारे आहेत. एकाच दुकानावर चार ठिकाणी कर्ज काढणारे आहेत. धंद्याचे पैसे लग्नात घालणारे तर आमच्याकडे कमी नाहीत. व्यवस्थापक दोन-तीन वर्षांत बदलून जातो, कर्ज बुडाले तर चौकशी त्याच्यामागे लागते. त्याने सावध राहणे समजण्यासारखे आहे. पण ओळख नसलेल्यावर विश्वास कसा वाढवायचा, याचा एक धडा आपल्याच डोळ्यांसमोर आहे. २०२० मध्ये आलेल्या स्वनिधी योजनेने फेरीवाल्याला आधी १० हजार दिले, ते फेडल्यावर २० हजार, मग ५० हजार. ना जामीनदार, ना सात-बारा. त्याने काय फेडले, हेच त्याचे तारण. महिलांच्या बचत गटांनी हेच त्याआधी दाखवले होते. लहान रकमेपासून सुरुवात करून परतफेडीवर पुढचा टप्पा ठरवणे कोणत्याही शाखेला आजही जमण्यासारखे आहे. त्यासाठी वरून परिपत्रक यायची गरज नाही.

हे सगळे आपल्याला का लिहितो, याचे कारण आपले दुसरे पद. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने प्रत्येक भागाची जबाबदारी एका बँकेने घ्यावी असे सुचवले आणि १९६९ च्या अखेरीस अग्रणी बँक योजना सुरू झाली. सहकार आणि ग्रामीण पतपुरवठा यांवर आयुष्य घालवलेल्या एका मराठी अर्थतज्ज्ञाची ही देणगी. आपल्या जिल्ह्यात ही जबाबदारी बँक ऑफ महाराष्ट्रकडे आहे, आणि जिल्हास्तरीय बँक सल्लागार समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. बँका, अग्रणी जिल्हा व्यवस्थापक, नाबार्ड, रिझर्व्ह बँक, जिल्हा उद्योग केंद्र हे सगळे दर तिमाहीला आपल्या टेबलाभोवती बसतात. वार्षिक पत आराखडा तिथे मांडला जातो, कोणत्या बँकेने किती टक्के उद्दिष्ट गाठले ते वाचले जाते. ठेवींच्या प्रमाणात कर्ज किती, तेही मोजले जाते. अर्ज करून नाकारले गेलेले किती, हे मात्र जिल्ह्यातल्या कुणाला कधी कळत नाही. पतसंस्था आणि सावकार यांचा कारभार उपनिबंधकांकडे, फसवणुकीचे गुन्हे पोलिसांकडे, बुडालेल्या ठेवींसाठी १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्याखाली नेमलेला सक्षम प्राधिकारी महसूल खात्यातला. प्रत्येकाच्या कपाटात एकेक पान आहे. ती पाने एकत्र शिवण्याचा अधिकार जिल्ह्यात फक्त आपल्याकडे आहे.

त्यासाठी तीन गोष्टी सुचवतो.

पहिली : प्रत्येक तालुक्याची एक यादी. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा अशा आठ याद्या. त्यात तालुक्यात कर्ज देणाऱ्या बँका, नोंदणीकृत वित्तसंस्था, पतसंस्था आणि परवानाधारक सावकार असावेत. प्रत्येक नावापुढे चार गोष्टी : नोंदणी कुणाकडे, नियंत्रण कुणाचे, ठेवीला विमा आहे की नाही आणि तक्रार कुठे करायची. पतसंस्थेपुढे तिचा लेखापरीक्षणाचा वर्ग, अ, ब, क की ड, आणि शेवटचे लेखापरीक्षण कोणत्या वर्षाचे. सावकारापुढे कायद्याने ठरवलेला दर. ही यादी तहसील कार्यालयात, बाजार समितीच्या फाटकावर, ग्रामपंचायतीत आणि बसस्थानकावर लागावी, दर तिमाहीला बदलावी. मोठ्या अक्षरांत, मराठीत.

यावर एक आक्षेप येईल : यादी लावली की लोक समजतील सरकारनेच हमी दिली. म्हणून यादीच्या डोक्यावरच लिहा, की ही नोंदणीची माहिती आहे, हमी नाही. आज काहीच न लावल्यामुळे लोक पुढाऱ्याच्या फोटोला हमी समजतात. त्यापेक्षा "क" हे अक्षर दिसलेले बरे. दुसरा आक्षेप असा येईल, की वर्ग जाहीर केला तर कमकुवत संस्थेवर धाव पडेल. ही भीती रास्त आहे. पण माहिती एकदम बाहेर आली तरच अशी धाव पडते. नियमित लागणाऱ्या यादीत घसरण हळूहळू दिसते, आणि संस्थेला सुधारायला वेळ मिळतो. ज्यांची घसरण वर्षानुवर्षे झाकली गेली, त्यांच्याच दारात शेवटी गर्दी झाली.

दुसरी : नकाराची मोजदाद. प्रत्येक शाखेने कर्जाच्या प्रत्येक अर्जाची पोच द्यावी आणि नकार द्यायचा तर कारणासह लेखी द्यावा, हे नियमात आहेच. आपण एवढेच करावे, की समितीच्या प्रत्येक बैठकीत शाखानिहाय आलेले, मंजूर, नाकारलेले आणि प्रलंबित अर्ज मांडायला लावावेत, आणि तो तक्ता जाहीर करावा. दहा लाखांच्या आतल्या कर्जाला तारण मागितल्याची तक्रार आली, तर तीही त्याच तक्त्यात दिसावी. उद्दिष्ट गाठले की नाही हे दाखवणारा तक्ता बँकेसाठी असतो. नकाराचा तक्ता जिल्ह्यासाठी असेल.

तिसरी : एक टेबल. महिन्याच्या पहिल्या सोमवारी आपल्याकडे लोकशाही दिन असतो. त्या दिवशी एका टेबलावर अग्रणी जिल्हा व्यवस्थापक, जिल्हा उद्योग केंद्राचे अधिकारी आणि उपनिबंधक कार्यालयाचा माणूस एकत्र बसवा. मंठ्याहून किंवा जाफ्राबादहून आलेल्या माणसाचा एक दिवसाचा धंदा बुडालेला असतो. त्याला एका कार्यालयाने दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याने तिसऱ्याकडे पाठवले, तर संध्याकाळी तो परत जाताना रोजाच्या हप्त्यावाल्यालाच भेटतो.

यातल्या एकाही गोष्टीला मंत्रालयाची मंजुरी लागेल असे मला वाटत नाही. खर्च कागदाचा आणि छपाईचा. अडचण आहे ती सवयीची. माहिती वरिष्ठांना पाठवायची असते, ही सवय. ती खाली, बाजारात पाठवायची सवय कुणीतरी लावायला हवी.

कर्जाशिवाय धंदा वाढत नाही, आणि कर्ज म्हटले की आमच्याकडे अजून मान खाली जाते. त्याचे कारण लोक आळशी किंवा बुडवे आहेत हे नाही. पैसे घेताना आपण कुणाच्या हाती सापडतो आहोत, हे कळायची सोयच नाही, म्हणून ती भीती आहे. ज्या दिवशी वाटूर फाट्यावरचा गॅरेजवाला यादी पाहून दोन ठिकाणचे दर विचारेल आणि मग तिसरीकडे सही करेल, त्या दिवशी त्याचे कर्ज फिटण्याची शक्यताही वाढेल. भरवशाने घेतलेला पैसा माणूस भरवशाने फेडतो. बँकांनाही हेच हवे आहे.

समितीच्या येत्या तिमाही बैठकीच्या विषयपत्रिकेत "तालुकानिहाय कर्जदात्यांची यादी" हा एक विषय घ्यावा, ही विनंती. आठही तालुक्यांची एकदम जमली नाही, तर एका तालुक्यापासून सुरुवात करावी. यादी कशी असावी याचा कच्चा नमुना करून द्यायला आम्ही काही हिशोबनीस विनामोबदला तयार आहोत.

आपला नम्र,
जालन्यातील एक हिशोबनीस